आर्डिसचा एप्रन

"जाड लाव," व्हर्ना म्हणाली.

लव्होनचा हात सुरीसकट थांबला. "काय?"

"बटर. जाड लाव म्हटलं."

लव्होननं मान वळवून बघितलं. तीस वर्षं या चर्चच्या तळघरात मयताच्या जेवणाचे पाव फोडले जात होते, आणि तीस वर्षं व्हर्ना तोलेफसन मागून येऊन एकच गोष्ट सांगत आली होती: पातळ लाव, पुरवून लाव. तिच्या हाताखाली लावलेल्या बटरमधून पावाची छिद्रं दिसायची, अशी बायकांत थट्टा होती. आणि आज सख्ख्या जावेच्या मयताला ही बाई म्हणते जाड लाव! दुःखानं हिचं डोकं ठिकाणावर नाही, असं लव्होनला वाटलं. तिनं मुकाट्यानं सुरीभर बटर उचललं.

"आणि तू इथं खाली काय करतेस गं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. "तू घरची. घरच्यांनी कामाला हात लावायचा नसतो. जा, वर बस सगळ्यांबरोबर."

"बसले होते. बसवेना."

"रडू आलं तर रडावं, बाई. त्यात काय लाजायचं?"

"रडू नाही आलं. पास्टर म्हणाला, आर्डिस तोलेफसन आयुष्यात कधी कुणाच्या आधी जेवली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरचे म्हातारे तर म्हणाले, खरं आहे, खरं आहे. मग मी उठले."

लव्होनला यात उठण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. तिनं हॅमचे काप पावात भरायला घेतले. वरून बाजाचा सूर आला, मग शंभरेक माणसं उभी राहिल्याचा आवाज. जिन्यात बर्फानं ओले झालेले बूट ओळीनं लावलेले होते आणि त्यांच्याखाली पाण्याची थारोळी झाली होती.

भिंतीवर खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीवर एकेकीचा एप्रन. चौथ्या खुंटीवर आर्डिसचा, हिरव्या चौकड्यांचा, तिनं स्वतः शिवलेला. ऑक्टोबरपासून तो तिथंच होता. कुणी काढला नव्हता आणि कुणी धुवायलाही नेला नव्हता. व्हर्नानं त्याच्याकडे पाठ केली आणि लोणच्यांच्या बरण्या उघडायला लागली.

जावाजावांचं कधी पटत नाही म्हणतात. या दोघींचं मात्र असं काही मेतकूट होतं, की त्यांचे नवरे सख्खे भाऊ असून वर्षभरात एकमेकांशी जितकं बोलत नसत, तितकं या एका सकाळी फोनवर बोलत. शेतं शेजारीशेजारी. दोन्ही गोठे मिळून सव्वाशे गाई. पहाटे चारला उठायचं, धारा काढायच्या, दूध टाकीत सोडायचं, टाकीवाल्याची गाडी आली की ते जायचं. घरात त्यातलं दूध पोरांना, गड्यांना आणि नवऱ्याला. सासूनं घालून दिलेला पायंडाच होता तो. बायका कॉफी पीत. सासू म्हणायची, गाईचं दूध वासराला आणि गिऱ्हाइकाला, बाईला कशाला?

व्हर्ना चार वर्षांनी मोठी. आर्डिस गोल, गोरी, हसरी. खायला आवडायचं तिला. गोठ्यातून आली की टाकीतल्या गार दुधाचा पेला उभ्याउभ्या घटाघटा प्यायची, ओठावर पांढरी मिशी उमटायची, आणि सासू बघतेय असं दिसलं की बाहीला तोंड पुसायची. असली चोरटी सुखं तिला फार होती.

पन्नाशीत तिची पाळी गेली. त्यांच्याकडे त्याला नुसतं 'बदल' म्हणत, तेही आवाज खाली आणून. अंगातून वाफा निघायच्या. जानेवारीत, बाहेर श्वास गोठतोय अशा थंडीत, आर्डिस गोठ्याच्या दारात नुसत्या ब्लाउजवर उभी राहायची. रात्रीची झोप गेली, कंबर सुटली. पुतणीच्या लग्नाला शिवलेला निळा झगा पाठीत तीन बोटं मिटेना. चर्चच्या न्हाणीघरात ती कमोडवर बसून रडली आणि व्हर्नानं सेफ्टी पिना लावल्या.

"मंगळवारी ये माझ्याबरोबर," व्हर्ना म्हणाली. "महिन्याभरात मिटेल."

मंगळवारचं वजन उतरवायचं मंडळ व्हर्नाचंच. याच तळघरात, याच स्वयंपाकघराबाहेर काटा मांडायचा. बायका बूट काढून, कानातली काढून, काही तर कवळी काढून काट्यावर चढायच्या. आकडा व्हर्ना वाचायची, मोठ्यानं. उतरलं असेल तर टाळ्या. चढलं असेल तर चिनी मातीचं एक गुलाबी डुक्कर होतं, ते घरी न्यायचं आणि आठवडाभर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. सगळं हसतखेळत. कुणाच्या मनाला लागत नाही, असं व्हर्नाला वाटायचं.

आर्डिसनं डुक्कर एकदाच नेलं. ऑर्व्हिलनं, तिच्या नवऱ्यानं, ते बघितलं आणि टाकीवाल्याला हाक मारून म्हणाला, "बघ रे, आमच्याकडं आता दोन झाली." टाकीवाला हसला, ऑर्व्हिल हसला, आर्डिससुद्धा हसली. संध्याकाळी तिनं व्हर्नाला फोन केला.

"काय सोडू सांग."

"सगळ्यात आधी दूध. मग चीज, बटर, अंड्याचा बलक. पाव खायचाच झाला तर कोरडा. भूक लागली की कॉफी पी. अगं, या वयात काय वाढ व्हायचीय आपली? वासरं आहोत का आपण?"

आर्डिसला ते वाक्य इतकं आवडलं, की पुढे अठरा वर्षं ती ते सगळ्यांना सांगत राहिली. वासरं आहोत का आपण!

एकदा मनावर घेतल्यावर बाईनं पोटाला असा चिमटा काढला, की बघणाऱ्याला वाटावं हिनं नवसच बोललाय. दोन वर्षांनी ती मंडळाची राणी झाली. पुठ्ठ्याचा मुकुट व्हर्नानंच तिच्या डोक्यावर ठेवला, फोटो काढला. एप्रनचे बंद पूर्वी कसेबसे पाठीमागं गाठ मारण्यापुरते यायचे. ते आता मागून पुढं यायला लागले, आणि पोटावर फुलासारखी गाठ बसायला लागली. "बघ, दोन वेढे!" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गिरकी घ्यायची. शेवटच्या वर्षी तर पुढून पुन्हा मागे न्यावे लागायचे, आणि बायका म्हणायच्या, आर्डिस, अगं, जरा आम्हालाही दे शिकवण.

कॉफी तिच्याकडे असायची. कॉफीच्या भुकटीत अंडी टरफलासकट कुस्करून उकळत्या पाण्यात सोडायची, गाळ तळाशी बसतो आणि वर कॉफी मधासारखी उतरते, ही त्यांची पद्धत. एका मयताला डझनभर अंडी त्या गाळाबरोबर फेकली जात. आर्डिस ती फोडायची, कुस्करायची, टाकून द्यायची. स्वतः एक खायची नाही.

मग एके दिवशी ती म्हणाली, "हे कॉफीचं पातेलं कुणी वरच्या फळीवर ठेवलं गं?"

"तिथंच असतं ते. तीस वर्षं तिथंच आहे."

"मग फळी कुणीतरी वर सरकवलीय."

किती हसल्या होत्या सगळ्या! लव्होन उंच, ती पातेलं काढून द्यायची आणि म्हणायची, घ्या बुटक्या बाई. कुणाच्या डोक्यात आलं नाही, की फळी कशी सरकेल? व्हर्नाच्याही नाही. मनगट मोडलं तेव्हाही नाही. बर्फात कोण घसरत नाही? पाठीला बाक आला तेव्हा म्हणाल्या, तिच्या आईलाही होता.

ऑक्टोबरात कापणीच्या जेवणाला लव्होनला यायला उशीर झाला. आर्डिस चवड्यांवर उभी राहिली, पातेल्याच्या कानाला बोटं लावली आणि वळली. नुसती वळली. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि मग ती पडली. पडली म्हणून खुबा मोडला नव्हता. मोडला म्हणून ती पडली होती.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई स्टूल ओढून आर्डिसच्या उशाशी बसली. चाळिशीची असेल, आवाज मऊ.

"दिवसभरात काय काय खाता तुम्ही?"

आर्डिसला असा प्रश्न म्हणजे बक्षीसच. "सकाळी कोरा टोस्ट. दुपारी गाजर, सेलरी. रात्री ह्यांना वाढून झालं की वाटीभर सूप. दूध नाही, चीज नाही, अंडं फक्त कॉफीत!" ती हसली, मग कळ आली म्हणून डोळे मिटले. "अठरा वर्षं पाळलंय. एक मंगळवार चुकवला नाही. ही माझी जाऊ, व्हर्ना. हिनंच शिकवलं सगळं. नाहीतर मी म्हैसच झाले असते."

डॉक्टरीणबाईनं व्हर्नाकडे बघितलं. रागानं नाही. तेच व्हर्नाला सोसलं नाही.

"पाळी गेली ना," ती आर्डिसलाच म्हणाली, "की हाडांची राखण करणारं शरीरात जे काही असतं, ते कमी होतं. हाडं भराभर झिजायला लागतात. नेमकं तेव्हाच दूध, अंडी, मांस, घेवडे पोटात जायला हवेत. अंगावर थोडं मांस असलेलं बरं असतं. तुम्ही नेमकं तेव्हाच सोडलंत." मग तिला बहुतेक वाईट वाटलं, कारण ती पुढे म्हणाली, "एकट्या खाण्यानं सगळं होत नाही. घराण्यातही असतं."

ते दुसरं वाक्य व्हर्नाच्या कानात शिरलंच नाही. राखण करणारं गेलं, एवढंच राहिलं. आणि राखणीला कोण बसलं होतं? ती स्वतः. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

खुबा जोडला, पण आर्डिस पलंगावरून उठली अशी नाहीच. बसवलं की चक्कर, चालवलं की दम. व्हर्ना रोज जायची. घरून भाताची खीर करून न्यायची, साय घातलेली, वर दालचिनी, लहानपणी ख्रिसमसला मिळायची तशी. पहिल्या दिवशी आर्डिसनं दोन चमचे खाल्ले. डोळे मिटून खाल्ले. तिच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली आणि व्हर्नाला आत कुठंतरी इतकी आशा वाटली, की तिनं घाईघाईनं तिसरा चमचा भरला. आर्डिसनं ओठ मिटून घेतले.

"बास. मंगळवार जवळ आलाय."

"मंगळवार गेला खड्ड्यात. खा."

"नुसती पडून आहे गं, फुगले असेन. किती भरेल माझं?"

"काटा मोडलाय," व्हर्ना म्हणाली.

"मोडला? कसा?"

"मोडला. आता नाहीच काटा. खा ना, आर्डिस. माझ्यासाठी खा."

आर्डिस तिच्याकडे बघत राहिली. "तुझी परीक्षा मला कळते, बाई," ती म्हणाली आणि कौतुकानं हसली. "बघतेयस ना, मी डगमगते का ते?"

छातीत कफ धरला आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. शवपेटीचे सहा खांदेकरी नंतर आपसात म्हणाले, पेटीचंच काय ते ओझं.

वरची प्रार्थना संपली. माणसं जिना उतरून आली, आणि तळघर बोलण्यानं भरून गेलं. बटाट्याच्या परातीतून वाफा निघत होत्या. ऑर्व्हिल कोपऱ्यातल्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसला होता, कुणी ताट आणून देईल याची वाट बघत. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला ताट कधी मागावं लागलं नव्हतं. व्हर्नानं त्याचं ताट केलं, त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "कॉफी आज कुणी केली?"

"लव्होननं."

"गढूळ आहे," तो म्हणाला, आणि म्हातारा रडायला लागला.

कारी स्वयंपाकघराच्या दारात आली तेव्हा व्हर्ना पाव संपलेले तबक पुन्हा भरत होती. कारी आर्डिसची थोरली, सत्तेचाळीस वर्षांची, आईसारखीच गोल, गोरी. हातात कॉफीचा कप, कोरी. ताट नाही.

"काकू, एक विचारू?" तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मंगळवारी अजून काटा असतो ना?"

व्हर्नाच्या हातातला पाव हातातच राहिला.

"मला सहा महिने पाळी नाही. रात्री घामानं चादर भिजते. हा काळा झगा बघ, कसा बसलाय ते. आई नेहमी म्हणायची, वेळ आली की व्हर्नाकडे जा, ती करते नीट. आजपासूनच सुरुवात केलीय मी, सकाळपासून नुसती कॉफी. आईच्या जागी मला घे ना मंडळात. तिलाही बरं वाटेल."

तिलाही बरं वाटेल! व्हर्नानं तबक ठेवलं, दोन ताटं घेतली. एकेका ताटात दोन दोन हॅमचे पाव, बटाट्याचा ढीग, उकडलेली अंडी, चीजचे जाड तुकडे. मुलांच्या टेबलावरचा दुधाचा जग उचलला. सगळ्या माणसांमधून चालत गेली आणि मधल्या टेबलावर ताटं ठेवली.

"कारी, बस इथं."

स्वयंपाकघराच्या वाढायच्या खिडकीतून बायकांनी डोकी बाहेर काढली. मयताच्या जेवणात वाढणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, तीही ओट्याशी उभी राहून, उरलंसुरलं. व्हर्नाला तर बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. लव्होनच्या हातातला डाव परातीत पडला.

"मला नको, काकू. सांगितलं ना, मी..."

"बस म्हणते ना. खा, आणि ऐक."

कारी बसली. व्हर्नानं दोन पेले भरले. थोडं दूध टेबलावर सांडलं.

"तुझ्या आईला दूध मी सोडायला लावलं. अंडी मी. बटर, चीज, सगळं मी. वासरं आहोत का आपण, हे माझं वाक्य. तिची पाळी गेली, हाडं पोकळ व्हायला लागली, आणि मी काट्यापाशी उभी राहून टाळ्या वाजवत होते. ती बुटकी झाली तेव्हा हसले. डॉक्टरीणबाईनं माझ्यासमोर सांगितलं, कारी. तुम्हाला कुणालाच मी बोलले नाही. चार महिने बोलले नाही."

कारीनं उचललेला चमचा खाली ठेवला. आजूबाजूला बोलणं चालूच होतं, कुणीतरी हिमवादळाबद्दल बोलत होतं.

"आईनं कधी नाही सांगितलं."

"ती कसं सांगेल? तिला ते माझे उपकार वाटत होते."

कारीनं ताट जरा दूर सरकवलं. तिचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला. ते रागानं की अंगातल्या वाफेनं, हे व्हर्नाला कळेना. मग ती हळू म्हणाली, "मला आत्ता तुझ्याकडं बघवत नाही, काकू."

"नको बघूस. मला माफही नको करूस. पण मंगळवार तुझ्यासाठी नाही. कुणासाठीच नाही आता. डॉक्टरकडं जा, हाडांचा फोटो काढून घे, आणि हे खा."

"तू तरी खातेस का?"

व्हर्नानं आपल्या पायांकडं बघितलं. तिच्या पँटचे काठ वर्षभर जमिनीला घासत होते आणि दोनदा तिनं ते आत दुमडून शिवले होते. हेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं पेला उचलला. दूध गार होतं, दाट होतं, आपल्याच टेकड्यांवरच्या गाईंचं. कित्येक वर्षांनी तिनं ते एका दमात तळापर्यंत प्यायलं आणि बाहीला तोंड पुसलं.

ते बाहीला पुसणं बघून कारीच्या घशातून एक आवाज आला. तिनं तोंडावर हात दाबला. मग तिनं पाव उचलला, मोठा घास घेतला, आणि रडत रडत चावत राहिली. दुसरा पाव घेतला. बटाटे घेतले. दोघी एकमेकींकडे न बघता समोरासमोर बसून ताटं संपवत होत्या, आणि खिडकीतल्या बायकांना काही विचारायचा धीर होत नव्हता.

माणसं पांगली. ऑर्व्हिलला कुणीतरी कोट चढवून घरी नेलं. व्हर्ना भांड्यांशी उभी होती, कोपरापर्यंत फेसात. मागे पावलं वाजली. कारी आत आली होती. घरच्यांनी कामाला हात लावायचा नसतो, हे तिलाही माहीत होतं, पण लव्होनसुद्धा काही बोलली नाही.

कारीनं चौथ्या खुंटीवरचा एप्रन काढला. गळ्यात घातला. आणि व्हर्नाकडे न बघता, तिच्यापुढं पाठ करून उभी राहिली.

व्हर्नानं हात पुसले. बंद हातात घेतले. त्यांच्यावर गाठींच्या चुण्या पडलेल्या होत्या, वर्षावर्षानं सरकत आत आत गेलेल्या. सवयीनं तिचे हात बंद पुढे न्यायला गेले, दोन वेढ्यांसाठी. ते पुढे गेले नाहीत. एकाच वेढ्यात मागे आले आणि थेट टोकाजवळच्या, सगळ्यात जुन्या चुणीवर थांबले.

तिथं तिनं गाठ मारली.

"आवळतंय का?"

"नाही," कारी म्हणाली. "बरोबर आहे." आणि तिनं पुसायला पहिलं ताट उचललं.